सीरियस म्हणजे अजून वेळ आहे

अक्का, तुला जाऊन आज तिसरा दिवस आणि मी अजून रडलेली नाही. लोकांना वाटतंय, बाई धीराची आहे. खरं सांगू? मला भीती वाटतेय. रडायलासुद्धा जरा मोकळीक लागते, ती ही भीती देत नाही. कुकरची शिट्टी झाली तरी दचकते. मनीषा म्हणते, आई, बीपीची गोळी घेतलीस का? गोळीनं जाणारी भीती असती तर मी अख्खी पट्टी गिळली असती.

संजय येतोय. तुझा संजय. त्याचं विमान दुपारी उतरलं आणि मनीषा त्याला आणायला गेलीय. नोएडाच्या तुमच्या घरी न जाता तो आधी इथे, लक्ष्मीबाई नगरला येणार आहे. आधी मावशीला भेटतो, मग आईकडे जाऊ, म्हणाला. तो येईपर्यंत तुला त्या बर्फासारख्या खोलीत ठेवलंय. तुला थंडी किती बाधायची, दोन स्वेटरांवर शाल घेऊन फिरायचीस, आणि मी तुला तिथे सोडून घरी आले. पण त्याला जे सांगायचंय ते याहून वाईट आहे. ते आधी तुला सांगते, कारण ते पुरतं कळेल असं दुसरं माणूस मला उरलेलं नाही.

आपली ओळखच भीतीतून झाली, नाही का? एकाहत्तरच्या लढाईचे दिवस. दिल्ली कँटोनमेंटातल्या त्या बैठ्या क्वार्टरांत नुसत्या बायका आणि पोरं, सगळी सातारा, सांगली, कोल्हापूरकडची. पुरुष सरहद्दीवर. मी लग्न होऊन खटावातून आलेली, सातवा महिना लागलेला, आणि हिंदी म्हणशील तर 'पानी' आणि 'कितना' यापुढे गाडी जात नव्हती. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवले होते, पण ते रात्रीच्या विमानांसाठी. आमची खरी भीती दिवसाढवळ्या सायकलवरून यायची. तारवाला फाटकातून आत वळला की नळावरच्या बायका भरते हंडे तसेच सोडून आपापल्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. माझ्या दाराशी थांबू नको, असं प्रत्येकजण मनात म्हणायची. म्हणजे शेजारणीच्या दाराशी थांब, असंच म्हणायची. ते आम्हाला कळतही होतं, तरी म्हणत होतो.

इंग्रजी येणारी तू एकटी. कराडच्या मास्तरांची मुलगी, मॅट्रिक झालेली, हवालदारांची बायको. तार हातात पडली की कुणी ती उघडत नसे. उघडून करणार काय? तशीच मुठीत धरून तुझ्या दारात. तू कणीक मळत असलीस तर हात धुवायचीस, पदराला पुसायचीस आणि तार आधी मनातल्या मनात वाचायचीस. तेवढा वेळ आम्ही सगळ्या तुझ्या तोंडाकडे बघत असू. देवाच्या मूर्तीकडेसुद्धा मी कधी इतकं टक लावून बघितलेलं नाही.

एकदाच तू चुकून मोठ्यानं वाचलीस, शेवंता जाधवची तार. 'सीरियसली' एवढा एक शब्द तुझ्या तोंडून निघाला आणि पुढचं येण्याआधी शेवंतानं चौकटीवर हात आपटून बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. आम्ही सगळ्यांनी गळा काढला. तिचं तरी काय चुकलं? गावाकडच्या तारेत मेलेला माणूस नेहमी सीरियसच असायचा. 'वडील सीरियस, ताबडतोब निघा' अशी तार आली की घरात कुणी काही विचारत नसे, सरळ गाडी बघत. गेले असं लिहायचं नाही, म्हणजे येणाऱ्यानं वाटेत दोन घास तरी खावेत, हीच आपली रीत. शेवंताला ठाऊक असलेला तो एकच इंग्रजी शब्द, आणि तिच्या लेखी त्याचा अर्थ एकच होता.

त्या दिवशी तू इतकी भडकलीस की रडणं तिथल्या तिथे थांबलं. शेवंताला बसवून तूच कुंकू लावलंस, सदर बाजारातून हिरव्या बांगड्या मागवल्यास. एकदा फोडलेल्या बांगड्या परत भरल्या तर देव मानील का, एवढंच ती विचारत होती. मग तू आम्हाला अंगणात ओळीनं बसवलंस.

"गावाकडचा सीरियस विसरा," तू म्हणालीस. "फौजेत दोन याद्या असतात. एक सीरियस, एक डेंजरस. सीरियस म्हणजे दुखणं मोठं आहे, पण अजून वेळ आहे. डेंजरस म्हणजे वेळ नाही. सीरियस आलं तर दिवा लावा आणि जेवून घ्या. डेंजरस आलं तर पिशवी भरा आणि गाडी गाठा."

आम्ही ते पाढ्यासारखं पाठ केलं. मराठीत आपण दोघांनाही जखमीच म्हणतो, पण त्या दोन शब्दांत एका आयुष्याचं अंतर असू शकतं हे तू आम्हाला शिकवलंस. जाधव दोन महिन्यांनी हात झोळीत घालून परत आला. बांगड्यांचं शेवंतानं त्याला सांगितलं नाही; मला वाटतं, शेवटपर्यंत सांगितलं नसेल. पोरांनी तर त्याचा खेळच केला. पाच वर्षांचा संजय, पत्र्याच्या मोटारीचं चाक निघालं की म्हणायचा, सीरियस आहे. मोटार पायाखाली चेपली की डेंजरस. पुढं तुमच्या घरात तीच भाषा राहिली. तुझे हवालदार सुभेदार झाले, तर सुभेदारसाहेबांची स्कूटर सीरियस, गणिताचा पेपर डेंजरस, दूध सीरियस आहे आई, लवकर तापव. मी हसायची. आता हसू येत नाही.

मग एका सकाळी तारवाला माझ्या दाराशी थांबला.

माझे पाय उचलेनात, म्हणून तूच आलीस. वाचलीस. तुझा चेहरा जरासुद्धा हलला नाही, हे मी पुढं हजार वेळा आठवून पाहिलंय. तार घडी घालून तू ब्लाउजमध्ये खोचलीस आणि म्हणालीस, "सीरियस आहे, सुमन. पायाला लागलंय. अजून वेळ आहे. चल, जेवून घे." आणि मी जेवले. भाकरी आणि मेथीची भाजी. पोटातल्या जिवासाठी म्हणून चार घास जास्तच खाल्ले. पुढं मला सगळ्यात जास्त टोचलं ते हेच, की मी जेवले होते.

पाच दिवसांनी धोका टळल्याची दुसरी तार आली तेव्हा मात्र तू धावत आलीस. संजयला शेवंताकडे ठेवलंस आणि मला घेऊन स्वतः पंजाबातल्या त्या फौजी इस्पितळापर्यंत आलीस. ह्यांचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. तोंड हळदीसारखं पिवळं. मला बघून म्हणाले, "तीन दिवस विचारत होतो, सुमन आली का म्हणून." मला वाटलं, तापातलं बोलणं असेल. तू खिडकीबाहेर बघत होतीस.

हे घरी आले. नकली पाय, सरकारी कचेरीत बैठी नोकरी, याच लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर. मनीषा झाली. जिला पोटात घेऊन मी तेव्हा जेवले, तीच आता मिनिस्ट्रीत सेक्शन ऑफिसर आहे आणि फिरून याच वसाहतीत मला घेऊन राहतेय. तुझ्या साहेबांना दिल्लीतच नोकरी मिळाली म्हणून तुम्हीही इथेच राहिलात. आणि एक दिवस तू मला इंग्रजी शिकवायला घेतलंस. मी कुठं मागितलं होतं? "आपलं आपल्याला वाचता आलं पाहिजे," एवढंच म्हणालीस. रोज दुपारी, भांडी झाल्यावर, तुझ्या स्वयंपाकघरात. दोन वर्षं. एकसारखे दिसणारे शब्द तू जोडीनं शिकवायचीस. होप आणि एक्स्पेक्ट. आशा कुणीही करावी, म्हणायचीस, पण एक्स्पेक्ट करायला हातात काहीतरी कारण लागतं. वहिनी म्हणता म्हणता मी तुला अक्का म्हणू लागले, आणि तुम्हीचं तू कधी झालं ते कळलंही नाही.

त्यातलीच एक दुपार. तू म्हणालीस, "सुमन, बिस्किटांचा डबा खाली काढ आणि संजयचा जन्मदाखला शोधून ठेव. मी जरा देवळात जाऊन येते." डबा उघडला तर वरच माझी तार. अक्षरावर बोट ठेवून वाचू लागले, तू शिकवलंस तसं. डी, ए, एन, जी. बोट तिथेच थांबलं. मला शब्द येत होता, तरी मी तो तीनदा वाचला, दुसरा काही निघतोय का ते बघायला. तो पहिला अख्खा इंग्रजी कागद मी आयुष्यात एकटीनं वाचला. जन्मदाखला न शोधता मी घरी निघून आले.

चार महिने तुझ्याशी बोलले नाही. तूही विचारायला आली नाहीस. संक्रांतीला दिल्लीच्या मराठी मंडळाची बस पानिपतला निघाली, काला अंबच्या स्मारकाला फुलं वाहायला, तेव्हा तू येऊन माझ्या शेजारी बसलीस आणि मी पानिपतपर्यंत बाहेर बघत राहिले. तिथे, मोहरीच्या शेतांच्या कडेला, सगळे फोटो काढत होते आणि आपण दोघी भांडत होतो.

"ते गेले असते तर?" मी विचारलं.

"गेले नाहीत."

"ते काही तुझ्यामुळे नाही. तीन दिवस वाट बघत होते ते माझी."

"सातवा महिना होता तुझा," तू म्हणालीस. "त्या थंडीत, त्या गर्दीत, ती बातमी घेऊन दोन गाड्या बदलून गेली असतीस तर मला दोन माणसांची तार वाचावी लागली असती." मग स्मारकाकडे बोट करून म्हणालीस, "इथली बातमीसुद्धा कुणी सरळ लिहिली नाही, सुमन. मोती आणि मोहरांच्या आडून कळवली. बातमी ऐकणाऱ्याचीच भीती सगळ्यांना दिसते. सांगणाऱ्यालाही भीती असते."

मी म्हणाले, म्हणून खोटं सांगायचं? पिशवीतून तिळगूळ काढून माझ्या हातावर ठेवलास. गोड बोल म्हणाली नाहीस. तेवढी लाज तुला होती.

आपण परत बोलायला लागलो, पण ते भांडण काही संपलं नाही. हे सोफ्यावर बसून क्रिकेट बघत असले की तू मला कोपरखळी मारायचीस, आला ना घरी? आणि मी म्हणायची, आले ते त्यांच्या नशिबानं. हे गेले तेव्हासुद्धा, तेराव्याला, तू हळूच म्हणालीस, तीस वर्षं जास्त मिळाली तुला. मी म्हणाले, त्यातले तीन दिवस तू घेतलेस. चिवट होतो आपण दोघी. मला वाटायचं, शेवटचा शब्द माझाच असणार, कारण माझी बाजू खरी होती. अशी वेळ माझ्यावर आली तर मी खरं तेच सांगेन, याबद्दल माझ्या मनात कधी शंकाच नव्हती.

आणि मग हा आठवडा आला. सोमवारी तुला ताप, मंगळवारी आयसीयू. बुधवारी सकाळी तिथला तरुण डॉक्टर मला बाहेर घेऊन आला. "आंटी, हालत बहुत क्रिटिकल है। जिनको आना है, आज ही बुला लीजिए।" त्यानं कागदावर तेच लिहिलं, नातेवाइकांना कळवलं असं खाली लिहून माझी सही घेतली आणि एक प्रत माझ्या हातात दिली. मनीषा शेजारीच होती. तेवढ्यात कॅनडाहून संजयचा फोन आला.

"मावशी, मी हॉस्पिटलला फोन केला होता. क्रिटिकल म्हणतात, पण मॉनिटर करतोय म्हणतात, मला काही कळत नाही. यार, तू आईच्या भाषेत सांग. सीरियस का डेंजरस?"

अक्का, मला शब्द येत होता. जिभेवर होता. माझ्यापाशी तुझ्यासारखं कारणही नव्हतं. संजयला सातवा महिना नव्हता, लढाई नव्हती, एक विमान पकडायचं होतं फक्त. पण त्या घटकेला मला अगदी खरंच वाटलं की मी तो शब्द उच्चारला तर तू मरशील. नातवंडं झालेली बाई मी, आणि हंडे सोडून दारात उभी राहिलेली ती पोर होऊन बसले. माझ्या दाराशी थांबू नको, एवढंच मनात.

"सीरियस," मी म्हणाले.

त्यानं श्वास सोडला तो मला ऐकू आला. "चलो, मग इथलं आटपून शुक्रवारी निघतो." मी म्हणाले, हो, ये शुक्रवारी. मनीषा माझ्याकडे बघत राहिली. तासाभरात परत फोन करावा, असं दिवसभर वाटत राहिलं आणि दिवसभर मी फोन हातात धरून बसले. केला नाही.

संध्याकाळी मला आत सोडलं. मास्कच्या आतून तू ओठ हलवलेस. संजय म्हणत होतीस, ते न ऐकता कळलं. मी म्हणाले, निघालाय. चेहरा हलू दिला नाही, तुझ्याकडूनच शिकले होते ते. पण बातमी सांगणाऱ्याचा न हलणारा चेहरा जगात तुझ्याइतका कुणाला ठाऊक असणार? तू माझा हात दाबलास, जोरात. माफ केलंस की खोटारडे म्हणालीस, ते आता मला कधीच कळायचं नाही. गुरुवारी सकाळी तू गेलीस. मी खरं बोलले असते तर तो त्या दिवशीच निघू शकला असता. त्याची तुझी गाठ पडली असती की नाही, तेही आता कळायचं नाही. ह्यांच्या वेळी नशीब होतं. तुझ्या वेळी नव्हतं.

गुरुवारी फोनवर रडत तो म्हणाला, अचानक झालं ना, मावशी? मी म्हणाले, हो. मनीषा म्हणते, "आता तेच राहू दे ना, आई. बिल्कुल अचानक झालं, संपलं. सांगून काय होणार, त्यालाच जन्मभर टोचेल." तिचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही. आणि खरं सांगायचं तर तिच्या बोलण्यानं मला बरंच वाटलं. संजय मला मावशी म्हणतो, दर दिवाळीला फोन करतो. माझी भीती काही फार थोर नाही, अक्का. त्यानं माझ्याकडे कसं बघावं, याचीच ती भीती आहे.

तुझा बिस्किटांचा डबा माझ्यासमोर टेबलावर आहे. इस्पितळात तुझे कागद लागले म्हणून मंगळवारी नोएडाहून घेऊन आले होते. डॉक्टरचा कागद घडी घालून त्यात तळाशी सारायचा, असा विचार करून मी काल तो डबा सगळा उपसला. माझी तार अजून आहे त्यात, घडीवर फाटलेली. बाकी पेन्शनचं पुस्तक, सुभेदारसाहेबांचा फोटो, लाइटची बिलं. संजयचा जन्मदाखला नाही. मग आठवलं, तो त्या डब्यात कधी नव्हताच. तो साहेबांच्या लष्करी फायलीत असायचा. संजयच्या पासपोर्टच्या वेळी तूच मला तिथून काढायला सांगितला होतास, आणि तिथे तो पहिल्यापासून टाचलेला होता. आणि दुपारी कुठलं देऊळ उघडं असतं गं?

इतकी वर्षं मी समजत होते की मी तुला पकडलं. तू मला दोन वर्षं अक्षरं शिकवलीस, होप शिकवलंस, एक्स्पेक्ट शिकवलंस, आणि मला वाचता यायला लागल्यावर मला डब्यापाशी एकटं सोडून निघून गेलीस. तोंडानं सांगायची तुला भीती वाटत होती, म्हणून तू मला वाचायला शिकवलंस. काला अंबला हे एवढं जरी म्हणाली असतीस तरी मी तो तिळगूळ तिथल्या तिथे खाल्ला असता. पण म्हणाली नाहीस, आणि मीही कधी विचारलं नाही की ती तार वरच कशी होती.

मला तेवढी वर्षं मिळणार नाहीत, अक्का. आणि संजयला वाचता येतं. डॉक्टरचा कागद मी डब्यात घातलेला नाही. टेबलावर ठेवलाय, उलगडून, त्यावर बुधवारची तारीख आणि खाली माझी सही दिसेल असा. पण कागदावर सोडून मी देवळात जाणार नाही. तोंडानंच सांगणार आहे. तो काय म्हणेल, मला माहीत नाही. उठून गेला तर जाईल. तुझ्या अग्नीला मला येऊ नको म्हणाला तर काय करायचं, याचा मी सकाळपासून विचार करतेय.

खाली गाडीचं दार वाजलं. मनीषाचा आवाज येतोय, त्याचा येत नाही. लहानपणी तो आपल्याकडे दोन-दोन पायऱ्या चढत यायचा. आज एकेक चढतोय. अक्षर बघ कसं वेडंवाकडं झालंय, तू असतीस तर परत लिहायला लावलं असतंस.

बेल वाजली. तुझ्याच भाषेत सांगायचं तर, अक्का, आता वेळ नाही. दार उघडते.